आबांचा अकरावा रकाना

आमच्या आबांच्या दारात उभं राहून कोणी "आबा आहेत का?" असं विचारलं, तर आतून प्रश्न येतो, "आहेत म्हणजे काय? घरात आहेत, जागे आहेत, की भेटायला मोकळे आहेत? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत."

हा प्रश्न विचारणारे स्वतः आबाच असतात. म्हणजे ते घरात आहेत आणि जागे आहेत, एवढं बाहेरच्या माणसाला कळलेलंच असतं. दूधवाला आता शिकला आहे. गाडी स्टँडवर लावता लावताच तो ओरडतो, "आबा, घरात, जागे, मोकळे?" आतून "हो, हो, नाही" असं आलं की दुधाची पिशवी पायरीवर ठेवून तो पुढच्या घराकडे जातो. त्याला यात काही विचित्र वाटेनासं झालं आहे. मलाही.

आत्माराम आबा जळगावला पिंप्राळ्यात राहतात आणि मी त्यांच्याच घरात वरच्या खोलीत भाड्याने राहते. बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे काही लिहायचं म्हटलं की आधी वाटतं, आपल्याला जमेल का, आणि चुकलं तर सांगणार कोण. पण आबांबद्दल लिहावंसं वाटतंय, म्हणून लिहिते.

आबांची नोकरी मोजणी खात्यात गेली. शेतांच्या हद्दी मोजायच्या, खुणा रोवायच्या, दोन भाऊ बांधावर एकमेकांच्या अंगावर धावून गेले की मध्ये उभं राहायचं. ते म्हणतात, "भांडण बांधावर नसतं पोरी. एक म्हणतो बांध, दुसरा म्हणतो बांध, आणि दोघांच्या मनात जागा वेगळी. आधी बांध म्हणजे काय ते ठरवलं असतं, तर मला साखळी ओढत उन्हात जावं लागलं नसतं." निवृत्त झाल्यावर साखळी सुटली, पण ठरवायची सवय राहिली. "म्हणजे काय, ते आधी ठरवा," हे वाक्य ते दिवसातून इतक्या वेळा म्हणतात, की गल्लीतली मुलं क्रिकेट खेळतानाही म्हणायला लागली आहेत. खिडकीची काच फुटली की सिक्स, असं तिथे ठरलेलं आहे. खिडकी आबांचीच आहे.

मी खोली बघायला आले तेव्हा वडील बरोबर होते. भाड्याचा करार लोक दोन पानांत उरकतात. आबांचा नऊ पानांचा होता आणि पहिल्या चार पानांत नुसत्या व्याख्या होत्या. 'पाहुणा म्हणजे जो मुक्काम करतो तो. चहा पिऊन जातो तो पाहुणा नव्हे, तो आलेला.' 'आवाज म्हणजे खालच्या खोलीत पंखा चालू असताना ऐकू येतो तो.' 'स्वयंपाक म्हणजे फोडणी. चहा, दूध आणि नूडल्स हा स्वयंपाक धरलेला नाही.'

माझे वडील धरणगावला जिनिंगमध्ये कामाला आहेत. त्यांना सही येते, वाचता येत नाही. कागद पुढे आला की ते फक्त "कुठे करू?" असं विचारतात. त्या दिवशीही त्यांनी तेच विचारलं. आबांनी त्यांच्या हातातला पेन काढून घेतला आणि म्हणाले, "आधी ऐका." मग नऊची नऊ पानं मोठ्याने वाचली. प्रत्येक पान संपलं की थांबायचे. "समजलं का?" वडील मान हलवायचे. "समजलं म्हणजे काय समजलं, ते सांगा." वडील घामाघूम झाले. जिनिंगमध्ये कापसाची गाठ उचलताना होत नाहीत एवढे झाले. नंतर मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले तेव्हा म्हणाले, "येडा शे म्हातारा." थोडं चालून गेल्यावर परत म्हणाले, "पन माले पहिल्यांदाच कोनी बठ्ठा कागद वाची दखाडा." आमच्या अहिराणीत बठ्ठा म्हणजे सगळा.

बाजारात आबांबरोबर जाणं मात्र कोणाला नको असतं. आमच्याकडे भरताचं वांगं म्हणजे विशेष गोष्ट. बाकीची माणसं वांगी हातात घेऊन वजन बघतात आणि घेतात. आबा भाजीवाल्या मावशीला विचारतात, "भरताचं म्हणजे कोणतं?" एक दिवस मावशी वैतागली. म्हणाली, "जे भाजल्यावर कळतं ना आबा, ते! घ्यायचं तर घ्या, नाही तर मागच्याला पुढे येऊ द्या." मला वाटलं आता वाद होणार. आबांनी खिशातली छोटी वही काढली आणि ते वाक्य उतरवून घेतलं. मला म्हणाले, "बघ, व्याख्या अशी पाहिजे. करून बघता आली पाहिजे." मावशीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं आपण किडक्या वांग्याकडे पाहतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते.

आमच्या समाजाचं एक मंडळ आहे. ते दरवर्षी लग्नाच्या मुलामुलींची परिचय पुस्तिका काढतं. मागच्या वर्षीच्या पुस्तिकेत मुलींचे मोबाईल नंबर छापले होते आणि ती पुस्तिका नको त्या हातांत गेली. मुलींना कुठून कुठून फोन आले. एकीने तर नंबरच बदलून टाकला. म्हणून यंदा फॉर्म ऑनलाइन आणि नीट विचार करून बनवायचा, असं मंडळाने ठरवलं. अध्यक्ष बाळूभाऊ, त्यांची डाळमिल आहे. ते मला म्हणाले, "पोरी, तू कॉम्प्युटर शिकतेस, फॉर्म तू बनव. आणि आबांना सोबत घे." दुसरं वाक्य म्हणताना ते छताकडे पाहत होते. आबा फॉर्मच्या कामात अडकले तर बैठकीला येणार नाहीत, असा त्यांचा हिशेब होता. आबा फॉर्मच्या कामाला बसले आणि बैठकीलाही आले.

पहिल्याच बैठकीत 'वर्ण' या रकान्यावर सगळं अडलं. जुन्या फॉर्मात गोरा, निमगोरा आणि गव्हाळ असे पर्याय होते. आबांनी पिशवीतून तीन पुड्या काढल्या आणि टेबलावर उघडून ठेवल्या.

"हा लोकवन. हा शरबती. हा खपली. यातला गव्हाळ कोणता?"

बाळूभाऊ हसले. "आबा, गव्हाळ म्हणजे आपलं ते... गव्हाळ हो. कोणालाही कळतं."

"मग बोट ठेवा."

सात माणसं होती, सात मतं पडली. एका काकांनी खपलीच्या पुडीवर बोट ठेवून "आमच्या सुनेसारखा" असं म्हटलं आणि लगेच जीभ चावली, कारण सूनबाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. शेवटी बाळूभाऊ म्हणाले, "काढा तो रकाना. डोकं उठवू नका." मी तिथेच लॅपटॉपवर पुसून टाकला. लहानपणापासून तो रकाना कुठेही दिसला की मी पान उलटायचे, हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

'निर्व्यसनी' हा शब्द पुढच्या बैठकीत गेला. "गुटखा धरायचा की नाही?" एवढंच आबांनी विचारलं होतं. अर्ध्या सभासदांना उत्तर देण्याआधी बाहेर जाऊन थुंकून यावं लागलं. आल्यावर त्यांनी बहुमताने शब्द रद्द केला.

घरी आबांच्या तीन वह्या होत्या. पहिलीवर लिहिलं होतं, 'काय विचारायचं'. दुसरीवर, 'कोणाला कसं दाखवायचं'. तिसरीवर, 'कोणी कोणाला कधी विचारायचं'. मी त्यांना सांगितलं, आबा, आम्हाला कॉलेजात हेच शिकवतात. स्कीमा, रिप्रेझेंटेशन, प्रोटोकॉल. सर दोन महिने शिकवत होते आणि मला नीट कळलं नव्हतं. आबांनी ते तीन शब्द तीन वह्यांवर देवनागरीत लिहून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे तुमचे सर माझ्याच वह्या इंग्रजीत शिकवतात."

त्यांनी जन्मतारखेवर समजावलं तेव्हा मला पहिल्यांदा खरोखर उमजलं. जन्मतारीख एकच, ती पहिल्या वहीत. पुस्तिकेत ती छापायची नाही, फक्त वय छापायचं, हे दुसऱ्या वहीत. आणि जन्मवेळ कोणाला हवी असेल तर मुलीने हो म्हटल्यावरच द्यायची, हे तिसऱ्या वहीत. मोबाईल नंबरचंही तसंच. तिसऱ्या वहीतला पहिला नियम असा होता: 'ज्याला गरज आहे त्याने आधी विचारायचं. समोरच्याने नाही म्हटलं तर कारण मागायचं नाही.'

आक्का, म्हणजे आबांच्या पत्नी, या वह्यांवर कायम चिडलेल्या असायच्या. "हाई काय चालू शे तुमनं? बठ्ठा लोक हासतस. पोरीसना लगीन लावाना शेत का कायदा कराना शे?" असं म्हणत त्या आम्हा दोघांच्या पुढ्यात शेवभाजीची वाटी ठेवायच्या. आबा म्हणायचे, "लोक म्हणजे कोण कोण?" आक्का वाटी परत उचलायच्या. मग आबा गप्प बसायचे.

अकरावा रकाना मामाचा होता. आमच्याकडे सोयरीक जुळवताना आडनाव विचारून झालं की लगेच विचारतात, मामा कुठले? मामाचं गाव कळलं की निम्मी ओळख पटते. मुलीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा, अंतरपाटाच्या वेळी पाठीशी उभा राहतो तोही मामाच. तरी मंडळाचं म्हणणं होतं की हा रकाना ऐच्छिक ठेवू. आबा ऐकेनात. त्यापुढे लाल चांदणी हवी, म्हणजे भरल्याशिवाय फॉर्म पुढे जायला नको. एवढंच नाही, तर मामाच्या मोबाईलवर ओटीपी जायला हवा आणि मामाने तो स्वतः सांगितला तरच रकाना भरला असं धरायचं.

"मामा परदेशात असला तर?" बाळूभाऊंनी विचारलं.

"तिकडेही फोन लागतो."

"फौजेत असला?"

"सुट्टीवर आल्यावर भरा."

"मोबाईलच नसला?"

"मामीचा टाका. तिच्याकडे असतो."

दिवाळीपासून होळीपर्यंत हे चाललं. मामा म्हणजे काय, याची व्याख्या सहा वेळा बदलली. आधी आईचा सख्खा भाऊ. मग चुलत आला, मग राखी बांधलेला मानलेला भाऊ आला. शेवटी तीन पर्याय ठरले. मामाचं नाव आणि ओटीपी. 'मामा हयात नाहीत'. 'आईला भाऊ नव्हता'. बाळूभाऊंनी हात जोडले आणि मंजुरी दिली. मला तेव्हा आबांचा हट्ट म्हणजे फक्त हट्टच वाटला होता.

फॉर्म सुरू झाला. मदतीसाठी माझा नंबर दिला होता. सगळी माहिती सोमवारी छापखान्यात जायची होती. त्याआधीच्या बुधवारी धुळ्याहून एका मुलीचा फोन आला. नाव मनीषा. एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायचं काम करते.

"ताई, अकरा नंबरला अडकतंय. लाल चांदणी जातच नाही."

"मामांचं नाव टाका आणि त्यांना ओटीपी विचारा."

"ते देणार नाहीत. मी जन्मायच्या आधीपासून बोलत नाहीत आमच्याशी. मी बघितलंसुद्धा नाहीये त्यांना."

मी म्हटलं, "हयात नाहीत असाही एक पर्याय आहे." तो निवडा असं मी म्हटलं नाही, पण अर्थ तोच होत होता आणि त्याची मला अजून लाज वाटते.

ती म्हणाली, "ताई, आपल्यात स्थळं मामाकडून येतात. मला मामा नाही म्हणून येत नाहीत. म्हणून तर पुस्तिकेत नाव द्यायचंय. ज्यांना कोणी नाही त्यांच्यासाठी ही पुस्तिका, आणि तुम्ही तिथेही मामाच विचारता?"

'आईला विचारून कळवा,' असं म्हणून मी अडलेल्या फॉर्मांच्या यादीसाठी तिच्या आईचं नाव आणि माहेर लिहून घेतलं. संध्याकाळी ती यादी आबांना वाचून दाखवत होते. "मनीषा, धुळे. आई इंदूबाई, माहेर..." तापीकाठच्या त्या गावाचं नाव वाचलं आणि माझ्या लक्षात आलं की हे आबांचंच गाव. माहेरचं आडनावही तेच.

"अडू दे," आबा म्हणाले आणि चप्पल घालून बाहेर गेले.

आक्का दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "भाची शे ती त्यासनी."

मग त्यांनी सांगितलं. इंदू ही आबांची धाकटी बहीण. आबांनी तिच्यासाठी भुसावळकडच्या एका घरी शब्द दिला होता. तिने धुळ्याच्या एका सायकल दुरुस्तीवाल्याशी आपल्या मनाने लग्न केलं. मुलगा समाजातलाच होता, चांगला होता. पण आबांचा शब्द मोडला. घरासमोर दहा माणसं उभी होती, त्यांच्यादेखत आबा म्हणाले, "आजपासून मला बहीण नाही." झालं. इतक्या वर्षांत ते वाक्य त्यांनी परत कधी उच्चारलं नाही आणि मागेही घेतलं नाही.

रात्रभर मी विचार करत राहिले. मनीषाला सांगावं का, की तुझा मामा माझ्या खालच्या खोलीत राहतो? पण तिसऱ्या वहीप्रमाणे एकाची माहिती दुसऱ्याला विचारल्याशिवाय द्यायची नव्हती. सकाळी मी आबांकडे गेले आणि म्हणाले, "आबा, मी चांदणी काढते. दोन मिनिटांचं काम आहे. तिचा फॉर्म जाईल."

"नाही."

"पण तिच्यासाठी कुठलाच पर्याय नाही ना आपल्याकडे. मामा आहेत पण बोलत नाहीत, असा चौथा पर्याय करू?"

"नाही म्हटलं ना." मग बराच वेळ वहीचा कोपरा दुमडत बसले. "चांदणी काढली तर ती मला विचारणारच नाही."

मला पटकन कळलं नाही.

"तिचं वय झालंय लग्नाचं, हे मला माहीत होतं. कळतं, कानावर येतं ते. यंदा नाही तर पुढच्या वर्षी फॉर्म भरणार. मामाचा रकाना सोडता आला नाही, तर फोन करावा लागेल. ओटीपी माझ्याकडे येईल. मी लगेच सांगणार होतो, पोरी. एक शब्द विचारणार नव्हतो. नुसते आकडे सांगणार होतो."

फॉर्म सुरू झाल्यापासून आबा आंघोळीला जाताना मोबाईल मोरीच्या कट्ट्यावर का ठेवत होते, ते मला तेव्हा समजलं. आक्का रोज ओरडायच्या, पाणी उडेल म्हणून. दिवाळीपासून होळीपर्यंत मंडळाशी भांडले ते या एका फोनसाठी. परदेशातला मामा, फौजेतला मामा, मोबाईल नसलेला मामा, सगळ्यांची सोय त्यांनी केली होती. न बोलणाऱ्या मामाची केली नव्हती, कारण तशी सोय असती तर तिला ती वापरता आली असती.

रविवारी सकाळी मनीषाचा परत फोन आला. आवाज शांत होता.

"ताई, माझं नाव राहू द्या यंदा. हयात नाहीत असं भरत होते, पण आईने मोबाईल काढून घेतला हातातून. म्हणाली, जिवंत माणसाला तसं लिहायचं नसतं. आणि त्यांच्यापुढे हात पसरायला मी जाणार नाही. आईलाही जाऊ देणार नाही. पुस्तिका नसली तर नसली."

मी खाली गेले. आबा अंगणात पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"नेमके शब्द काय होते?"

"जिवंत माणसाला तसं लिहायचं नसतं."

"लिहू नको म्हणाली, की लिहायचं नसतं म्हणाली?"

"लिहायचं नसतं."

"मोबाईल हातातून घेतला म्हणजे? मागून घेतला की ओढून?"

"आबा, मला नाही माहीत. मी तिथे नव्हते."

"हं." ते उठले, तुळशीपर्यंत गेले, परत आले. "काढ."

"काय?"

"चांदणी काढ. कोणाचंच नको. मामा असो, नसो, फॉर्म गेला पाहिजे. बाळूभाऊला मी सांगतो."

मी पायरीवर बसूनच काढली. मनीषाला कळवलं की परत भरून बघा. पाच मिनिटांत तिचा मेसेज आला, 'गेला ताई, हिरवी खूण आली.' मी आबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"चला," ते म्हणाले. "आता तिला माझी काही गरज उरली नाही."

मग पेपरची घडी घालत ते म्हणाले, "म्हणजे गरज मलाच आहे. मग आधी मीच विचारायला पाहिजे." आणि लगेच, "नंबर देऊ नकोस मला! आधी त्यांना विचार, चालेल का म्हणून. नाही म्हणाल्या तर कारण मागू नकोस."

मी मनीषाला फोन लावला. म्हटलं, "एका माणसाला तुमच्या आईशी बोलायचंय. त्यांचं नाव आत्माराम. नंबर दिला तर चालेल का?" ती म्हणाली, "तुम्ही ओळखता त्यांना?" मी म्हटलं, "मी त्यांच्या घरात राहते." ती म्हणाली, "विचारते," आणि फोन ठेवला.

बारा वाजले, साडेबारा वाजले. फोन आला नाही. आक्कांनी आबांना बळेच जेवायला बसवलं. ते दर घासाला माझ्या मोबाईलकडे पाहत होते, पण आक्कांनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या दोन भाकरी आणि वांग्याचं भरीत त्यांच्या पोटात घातलंच. जेवण होता होता मेसेज आला. 'आई म्हणते दे.'

आबांनी तिथेच हात पुसले. मध्यंतरी त्यांनी एका कागदावर काय बोलायचं ते लिहून ठेवलं होतं, मुद्दे एक ते सात. तो कागद गुडघ्यावर ठेवला. नंबर मीच लावून दिला. त्यांना फोनवर कमी ऐकू येतं म्हणून आक्कांनी स्पीकर चालू केला. तीन रिंगा गेल्या.

"कोन शे?" बाईचा आवाज होता. मागे कुकरची शिट्टी झाली.

आबांनी कागदाकडे पाहिलं. चष्मा लावलेला होता, तरी त्यांना वाचता येत नसावं.

"मी शे," ते म्हणाले. "इंदू, मी शे."

मी म्हणजे कोण, असं त्या बाईने विचारलं नाही. पलीकडे कुकर आणखी एकदा वाजला. कोणीतरी गॅस बंद केला. मग अगदी रोज बोलत असल्यासारखा आवाज आला.

"जेवना का?"

"नही," आबा म्हणाले. "आजून नही जेवनू."

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या उठल्या, आबांच्या पुढ्यातलं उष्टं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि वाटीचा आवाज होऊ न देता आत घेऊन गेल्या.